शब्दचर्चा : ठिपका, बिंदू, टिंब

विचारणा : चोपडा तालुक्यातील आमच्या शाळेत विद्यार्थ्यांकडून तापीकाठच्या शिवाराचे निसर्गचित्र निव्वळ रंगाच्या ठिपक्यांनी करून घ्यावयाचे आहे. सूचनापत्रकात या पद्धतीस ‘बिंदुवाद’ म्हणावे की ‘ठिपकेचित्रण’? ‘टिंब’ हा शब्द चालेल काय?

उत्तर : ‘टिंब’ लिपीकडे राहू द्यावे. भूमितीतल्या बिंदूला लांबी-रुंदी नसते. चित्रातील ठिपक्याला ती असते आणि चित्र किती अंतरावरून पाहावयाचे, यावर ती ठरवावी लागते. म्हणून प्रत्यक्ष कृतीसाठी ‘ठिपका’ हाच शब्द योग्य होय. झॉर्झ सरा आणि पॉल सिन्याक या फ्रेंच चित्रकारांच्या १८८६ च्या सुमारास पुढे आलेल्या चित्रपद्धतीचे नाव म्हणून ‘बिंदुवाद’ ठेवावयास हरकत नाही.

पुरवणी : वरील उत्तर मान्य करूनही एक आक्षेप नोंदवतो. ठिपका हे साधन आहे. रंग पॅलेटवर न कालवता शुद्ध रूपात शेजारी-शेजारी ठेवणे, हे या पद्धतीचे मर्म आहे. सिन्याकने १८९९ च्या पुस्तकात ठिपक्यापेक्षा रंगविभाजनावर भर दिला, तो याच कारणाने. त्यामुळे ‘विभाजनवाद’ ही संज्ञा मला अधिक नेमकी वाटते. पत्रकात केवळ ‘ठिपके द्यावेत’ असे लिहिल्यास मुले तयार हिरव्याचेच ठिपके देऊन केळीची बाग उरकतील. उलट, निळे आणि पिवळे ठिपके शेजारी ठेवले की दुरून हिरवा दिसतो, ही सर्रास सांगितली जाणारी गोष्टही फारशी खरी नाही. डोळ्यात त्यांची सरासरी होते आणि बहुधा राखाडी छटा उरते. केळीच्या पानांसाठी पोपटी आणि निळसर हिरवा हे ठिपके हवेत, मधूनमधून थोडा नारिंगी. कपाशीखालची काळी मातीसुद्धा काळ्या रंगाने करू नये. गडद निळा, जांभळा आणि तांबडा यांतून ती उभी राहते. दूरच्या सातपुड्याला फिकट निळे-जांभळे ठिपके पुरतात.

आणखी एक : ‘ठिपके जोडणे’ हा प्रयोग टाळावा. रांगोळीत ठिपके रेषेसाठी मांडतात, येथे रेषा मुळीच नसते. ‘ठिपके भरणे’ यातही आधी आखलेली बाह्यरेषा गृहीत धरली जाते. पत्रकात ‘ठिपके टेकवावेत’ असे लिहावे.