नोटर डेमच्या फुटबॉल टीमचा एवढा रुबाब का?

निशाचर: अमेरिकन कॉलेज फुटबॉल नुकतंच बघायला लागलोय, जिकडे तिकडे नोटर डेम विद्यापीठाच्या टीमचंच कौतुक. पण शेवटची नॅशनल चॅम्पियनशिप १९८८ ची म्हणे! मग एवढा तोरा कसला?

बाकावरचा: जुनी पुण्याई हो. १८८७ ला पहिली मॅच मिशिगनशी, ती ८-० हरले. खरं नाव झालं १९१३ ला, आर्मीच्या (म्हणजे अमेरिकी लष्करी अकादमीच्या) तगड्या टीमला तिच्याच मैदानात ३५-१३ ने धुतलं, आणि कसं, तर गस डोरेसने लांब लांब पास फेकायचे आणि नूट रॉकनीने ते पळता पळता झेलायचे, त्या काळी बहुतेक टीम बॉल पोटाशी धरून नुसत्या धडका मारायच्या. हाच रॉकनी पुढे कोच झाला, १३ सीझनमध्ये १०५ जिंकल्या, १२ हरल्या, ५ बरोबरीत. १९३१ ला विमान अपघातात गेला बिचारा, वय फक्त ४३.

सोनेरी हेल्मेट: +१. शिवाय ७ हाइजमन ट्रॉफ्या (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळते ती). आणि १९९१ पासून घरच्या मॅचेससाठी एनबीसी या टीव्ही चॅनेलशी स्वतंत्र करार, हे मला जरा अतीच वाटतं. बाकी लायब्ररीच्या भिंतीवर येशूचं भलंमोठं चित्र आहे, दोन्ही हात वर, अगदी रेफरी टचडाऊन (बॉल शेवटच्या रेषेपार नेला की मिळणारा स्कोअर) देतो तसे, त्यामुळे लोक त्याला टचडाऊन जीझसच म्हणतात 😀

निशाचर: भारी! पण ८८ नंतर काय?

बाकावरचा: दारापर्यंत जाऊन परत येतात. २०१२ च्या सीझनला फायनलमध्ये अलाबामाने ४२-१४ ने झोपवलं, २०२४ च्या सीझनला ओहायो स्टेटने ३४-२३.