कॅलिफोर्नियाचा वयाचा कायदा: लिनक्सवाल्यांनी पाळायचा की नाकारायचा?

टर्मिनलकर (धागाकर्ता)

राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये एबी १०४३ या वयाच्या कायद्यावर सही केली. १ जानेवारी २०२७ पासून तो लागू होतोय. मशिनवर खातं उघडताना ऑपरेटिंग सिस्टिमने वय विचारायचं आणि ॲपने विचारलं की वापरणारा कुठल्या गटातला ते सांगायचं: १३ च्या आतला, १३ ते १५, १६-१७ की १८ च्या पुढचा. चूक निष्काळजीपणाची असेल तर दर मुलामागे २,५०० डॉलरपर्यंत दंड, जाणूनबुजून केली तर ७,५०० पर्यंत. ओळखपत्र मागायचं नाहीये, हे आधीच सांगतो, कारण त्यावरून बराच गैरसमज आहे.

तरीही माझं मत असं की लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या डिस्ट्रोंनी (म्हणजे तिच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांनी, जसं डेबियन) यासाठी कोड लिहू नये. ॲपल-गूगलकडे खात्यांचे सर्व्हर आहेत, वकिलांची फौज आहे. डेबियनमध्ये माझं खातं म्हणजे माझ्याच डिस्कवरच्या फाइलीतली एक ओळ. ती बनवणाऱ्याला मी कोण हे ठाऊकही नसतं.

आणि मुलं वाटेल ती तारीख टाकणार हे उघड आहे. मग "नुसतं विचारून भागत नाही, तपासा" म्हणायला कितीसा वेळ लागेल? ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून ऑनलाइन सेफ्टी ॲक्टपायी प्रौढांसाठीच्या मजकुरासाठी लोकांना चेहरा, ओळखपत्र असं काहीतरी दाखवून वय सिद्ध करावं लागतंय. त्याच ऑक्टोबरात डिस्कॉर्ड या चॅट ॲपने कळवलं की सुमारे ७०,००० लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो बाहेरच्या पुरवठादाराकडून फुटले असावेत. ते वयाबद्दलच्या अपिलांसाठीच घेतलेले होते.

अनघा_फ्रीमाँट

पूर्ण असहमत. मी याच राज्यात राहते, मुलाचा लॅपटॉप उबुंटूवर (तोही लिनक्सच) आहे. आज प्रत्येक साइट त्याची जन्मतारीख वेगवेगळी मागते आणि आपापल्याकडे साठवते. मी मशिनवर एकदाच त्याचं वय भरून ठेवलं आणि ॲपला फक्त गट कळला, तर बाहेर जाणारी माहिती कमी होते की जास्त? कायदाही लागेल तेवढीच माहिती पाठवा म्हणतो. प्रामाणिक प्रयत्न केलेल्याला चुकीच्या वयाबद्दल धरत नाही.

ओळखपत्रं फुटली म्हणूनच मला हा मार्ग बरा वाटतो. तुम्ही नाही लिहिलंत तर मोठ्या कंपन्या लिहितील, त्यांच्या क्लाउड खात्याला बांधून. मग शाळेचं ॲप लिनक्सवर उघडणार नाही आणि मला मुलाला दुसरा लॅपटॉप घेऊन द्यावा लागेल.

कलमबहाद्दर

"कॅलिफोर्नियातल्यांनी वापरू नये" अशी ओळ परवान्यात टाका, असंही काही जण सुचवतात. कृपा करून हे करू नका. मुक्त स्रोताच्या (ओपन सोर्सच्या) व्याख्येचं पाचवं कलमच सांगतं की कुठल्याही व्यक्तीला वा गटाला वगळायचं नाही. जीपीएल या मुक्त परवान्याखालच्या कोडवर तर अशी जादा अट घालताच येत नाही.

ब्लूस्काय या सोशल नेटवर्कने तिथल्या वयपडताळणीच्या कायद्यामुळे ऑगस्ट २०२५ मध्ये अख्ख्या मिसिसिपी राज्यात सेवा बंद केली. ते जमलं, कारण दार त्यांच्या हातात होतं. शेकडो मिररवर (प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरवर) पसरलेल्या आयएसओला (इन्स्टॉल करायच्या फाइलीला) कसलं दार? पण म्हणून कोणी गाठणारच नाही असंही समजू नका. डेबियनचे पैसे आणि ट्रेडमार्क न्यूयॉर्कमध्ये नोंदलेली एसपीआय ही संस्था सांभाळते. नोटीस पाठवायला पत्ता आहे.

टर्मिनलकर

पत्ता नव्वदच्या दशकातही होता. तेव्हा अमेरिका एन्क्रिप्शनची (माहिती सांकेतिक करण्याच्या तंत्राची) निर्यात शस्त्रांसारखी अडवायची. डेबियनने एन्क्रिप्शन टाकून दिलं नाही की लुळं केलं नाही. अमेरिकेबाहेरच्या सर्व्हरवर 'नॉन-यूएस' नावाचा वेगळा संग्रह चालवला. नियम सैलावले आणि २००२ च्या ३.० आवृत्तीत ती पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे सुटे संच) मुख्य संग्रहात आली. थोडा दम धरला, तर सगळ्यांनी मिळून हेही निभावता येईल.

अनघाताई, तुमच्या घरातली अडचण खरी आहे. पण ती सोडवायला जगभरच्या प्रत्येक मशिनने वय विचारायची गरज नाही.

पॅकेजवाला

नॉन-यूएसचं उदाहरण कोड लिहावा म्हणणाऱ्यांच्याच, म्हणजे माझ्या, बाजूने जातं. त्यांनी वेगळी चूल मांडली, काम थांबवलं नाही. इथेही तेच करा: वेगळं पॅकेज, ज्याला हवं तो टाकेल.

फक्त ते नीट लिहा. नवं खातं उघडणारी ॲडयूजर कमांड आजही पूर्ण नाव, खोली क्रमांक, फोन विचारते आणि उत्तरं पासडब्ल्यूडी फाइलीत ठेवते. ती फाइल मशिनवरचा कुठलाही प्रोग्राम वाचू शकतो. कोणी घाईघाईत जन्मतारीख तिथेच कोंबली, तर प्रत्येक गेमला तुमच्या पोराचा वाढदिवस कळेल. तारीख रूटच्या (मशिनच्या मुख्य खात्याच्या) ताब्यात हवी, एका छोट्या सेवेने फक्त गट सांगावा, आणि कोणत्या ॲपने कधी विचारलं याची नोंद पालकाला दिसावी. नकार देऊन बसलो तर हे कसं असावं हे ठरवताना आपण खोलीतच नसू.

सदाशिव_पेठ_देव

एक भारतीय बाजू. आपल्या २०२३ च्या डीपीडीपी (डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण) कायद्यात १८ खालच्या प्रत्येकासाठी पालकांची पडताळलेली संमती लागते. चुकलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नोव्हेंबर २०२५ च्या नियमांत त्यासाठी डिजिलॉकरच्या टोकनचा उल्लेख आहे, म्हणजे ओळखपत्राचा रस्ता इथे उघडाच आहे. पण आपला कायदा माहिती गोळा करून वापरणाऱ्याला धरतो. पुण्यात बसून मोफत टेक्स्ट एडिटर लिहिणारा कोणाचीच माहिती घेत नसेल तर तो यात येत नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यालाच धरतो. डेव्हलपरांनी एकजुटीने भांडायचं तर या मुद्द्यावर भांडावं: जो माहिती घेत नाही, त्याला व्याख्येतून वगळा.

अनघा_फ्रीमाँट

वगळण्याची मागणी करा, मीही आमच्या आमदारांना लिहीन. पण २०२७ उजाडेपर्यंत पॅकेजवाला म्हणतात ते तयार असू दे.

टर्मिनलकर

वेगळं पॅकेज असेल आणि मूळ इन्स्टॉलरला हात लागणार नसेल, तर मी आडवा येणार नाही. इन्स्टॉलरमध्ये वयाचा प्रश्न घालणाऱ्या पॅचला (कोडमधल्या बदलाला) मात्र माझा विरोध राहील, तो कोणीही पाठवो.