रात्रीच्या विनोदी टॉक शोची एक संध्याकाळ : आपापल्या खात्याचे अनुभव लिहा

फ्लोअरवाली

टीव्हीवर रात्री अकराला लागतो म्हणून हा कार्यक्रम रात्री शूट होतो असं नाही. अमेरिकेत 'टुनाइट शो' १९५४ पासून चालू आहे. तिथेही आता संध्याकाळी पाचच्या सुमारास रेकॉर्डिंग करतात आणि त्याच रात्री ११:३५ ला दाखवतात. आपल्याकडे एका दिवसात दोन भाग उरकायचे, तेही प्रक्षेपणाच्या कितीतरी आधी. बाकी घडण शेखर सुमन यांच्या 'मूव्हर्स अँड शेकर्स'पासून (१९९७) फारशी बदललेली नाही. आधी उभ्याने बातम्यांवरचे विनोद, मग टेबल, मग पाहुणा, बाजूला बँड.

गोरेगावची चित्रनगरी, मढ, मीरा रोड, नायगाव या पट्ट्यात काम करणारे इथे बरेच आहेत. आपापल्या खात्याचं लिहा. कोणता नट किती उशिरा आला हे नको. काय, किती, कशाने बिघडतं ते सांगा.

सुरुवात मी करते. दुपारी बाराला लाइट आणि कॅमेरे तयार. दोनला बँडची साउंड चेक, तीनला निवेदकाची प्रॉम्प्टरवर (कॅमेऱ्यासमोरच्या काचेत स्क्रिप्ट दाखवणारं यंत्र) कोरडी तालीम, चारला प्रेक्षक आत, साडेचारला वॉर्म-अप (शोआधी प्रेक्षकांना हसवून तापवणं), पाचला रोल, म्हणजे रेकॉर्डिंग सुरू. तासाच्या स्लॉटमध्ये जाहिरातींची १२ मिनिटं गेली की मजकूर उरतो ४८ मिनिटांचा. त्यासाठी फ्लोअरवर ७५ ते ९० मिनिटं रेकॉर्ड करावं लागतं. त्याहून लांबलं की दुसऱ्या भागाला प्रेक्षकांची पार हवा गेलेली असते.

विनोदाचा रिटेक जागच्या जागी घेऊ नये. पंचच्या आधीची ओळ अडखळली तर पुढे चालत राहायचं. सेगमेंट संपला की तेवढ्याच ओळीचा पिकअप निवेदकाच्या क्लोजअपवर घ्यायचा आणि हशा पहिल्या वेळचाच ठेवायचा. शेवटचा पंचच फसला असेल तर तो विनोद सोडून द्या, म्हणून यादीत दोन-तीन जास्तीचे असतात. तोच विनोद दुसऱ्यांदा ऐकून लोक हसतात ते आपलं मन राखायला, आणि माइकला ते बरोबर कळतं.

तिसरी_रांग

प्रेक्षक म्हणजे समोर बसवलेली गर्दी, असं समजणाऱ्या क्रिएटिव्हना माझा दंडवत. १५० खुर्च्या असतील तर १७० ते १८० जणांना बोलवा. तरीही कमी आले तर रिकाम्या खुर्च्या मागे सरकवून चालत नाही, उचलून सेटबाहेर न्यायच्या. माणसं खांद्याला खांदा लावून बसली तरच हसू पसरतं. मध्ये दोन खुर्च्या मोकळ्या राहिल्या की ते तिथेच अडतं.

कोऑर्डिनेटरने आणलेली पैसे देऊन बसवलेली मंडळी टाळ्या झकास वाजवतात, पण ती खुणेकडे बघून हसतात, म्हणजे अर्धा सेकंद उशिरा. कॉलेजचे ग्रुप खरे हसतात, पण एकाच गोष्टीवर आणि आपल्याच ग्रुपकडे बघून. म्हणून ग्रुप फोडून चार-चार जण वेगवेगळ्या रांगांत बसवा. पुढच्या दोन रांगांत पांढरे शर्ट, बारीक चौकडी आणि मोठे लोगो नकोत. चौकडी कॅमेऱ्यावर नाचते आणि लोगो एडिटमध्ये झाकत बसावं लागतं.

वॉर्म-अप वीस मिनिटांचा पुरतो. त्यातली शेवटची पाच मिनिटं कामाची. मोठ्या टाळ्या, मध्यम टाळ्या, हशा, 'ओहो', प्रत्येकी ३० सेकंद रेकॉर्ड करून घ्यायचे. वॉर्म-अपवाल्याने आपले सगळ्यात भारी विनोद इथे मारू नयेत. निवेदक आला की त्याचा पहिला विनोद फिका पडतो आणि मग दिवसभर वॉर्म-अपवाल्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघितलं जातं.

ब्रेकनंतर कोणालाही जागा बदलू देऊ नका. का, ते एडिटवाले सांगतील.

कानसेन

ध्वनीचं जरा सविस्तर लिहितो, कारण हशा हा शेवटी ध्वनीच आहे.

निवेदकाचा लॅपल (कपड्याला लावायचा छोटा माइक) हनुवटीखाली साधारण एक वीत, मधोमध. तो मान वळवून पाहुण्याकडेच जास्त बोलणार असेल तर त्या बाजूला दोन बोटं सरकवायचा. पैठणी, सिल्कचा कुर्ता आणि कडक कांजीचा शर्ट खसखसतात. माइकच्या दोन्ही बाजूंनी टेप लावून कापड जिथल्या तिथे चिकटवलं की घासायला काही उरत नाही. पाहुण्या बाईंच्या गळ्यात ठुशी असेल तर काळजी नको, ती हलत नाही. लांब मंगळसूत्र मात्र हसताना पुढे येतं आणि वाटी थेट माइकच्या जाळीवर आपटते. बाई जितक्या खुलून हसतील तितका टकटक आवाज. माइक खांद्याकडे, मंगळसूत्राच्या ओळीबाहेर न्या. दागिना काढायला सांगू नका, सगळा मूड जातो.

प्रेक्षकांसाठी चार ते सहा शॉटगन (एकाच दिशेचा आवाज टिपणारे लांब माइक) वरून लटकवायचे, तोंड प्रेक्षकांकडे, पाठ स्पीकरकडे. बिघडतं ते इथेच. निवेदकाचा आवाज प्रेक्षकांना ऐकू जावा म्हणून स्पीकर लावलेले असतात, आणि तोच आवाज या माइकमध्ये परत शिरतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १२ मीटरवरच्या माइकमध्ये तो ३५ मिलिसेकंद उशिरा पोचतो. लॅपल आणि हा उशिराचा आवाज एकत्र झाले की निवेदक बाथरूममध्ये उभा राहून बोलतोय असं वाटतं. उपाय हाताचा आहे. तो बोलत असताना प्रेक्षकांच्या माइकचे फेडर (मिक्सरवरच्या आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) १० ते १२ डीबी खाली आणि पंच पडताक्षणी वर. पूर्ण बंद करायचे नाहीत, नाहीतर प्रत्येक वाक्याला खोलीच गायब झाल्यासारखी वाटते. म्हणून प्रेक्षकांच्या फेडरवर बसणाऱ्याकडे छापील स्क्रिप्ट हवी. पंच कुठे आहे हे त्याला निवेदकाइतकंच पाठ पाहिजे.

वायरलेस माइकच्या फ्रिक्वेन्सी समान अंतरावर लावू नका. ६०० आणि ६०१ मेगाहर्ट्झवर दोन माइक चालू असतील तर त्यांच्या मिश्रणातून ६०२ वर भूत तयार होतं (दुप्पट ६०१ वजा ६००). तिसरा माइक नेमका तिथे ठेवला की खरखर. शेजारच्या स्टुडिओत रिअ‍ॅलिटी शो चालू असेल तर सकाळीच जाऊन त्यांच्या फ्रिक्वेन्सींची यादी घ्या. एका आवारात चार सेट असतात आणि प्रत्येकाला वाटतं, हवा आपल्या मालकीची आहे.

५० हर्ट्झची घुंऽऽ ऐकू आली तर आधी बँडचा कीबोर्ड बघा. ध्वनी आणि लाइट एकाच फेजवर घेतलेले असतात. ध्वनीची लाइन वेगळी मागा आणि कीबोर्डला डीआय बॉक्स (वाद्य मिक्सरला जोडायची डबी) लावून ग्राउंड लिफ्ट करा, म्हणजे त्या डबीवरच्या बटणाने ध्वनीच्या केबलमधली अर्थची जोड तोडा.

लाइटदादा_मालाड

कानसेन साहेब, आवाज येतो म्हणून एसी बंद करायला सांगता ते पण लिहा की! एक बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. १५० प्रेक्षक म्हणजे १५ किलोवॅट, त्यालाच सव्वाचार टन एसी लागतो. वर ३० किलोवॅटचे जुने हॅलोजन असतील तर आणखी साडेआठ टन. रोलला एसी बंद केला की वीस मिनिटांत लोक पंख्यासारखे पास हलवायला लागतात आणि विनोद मरतो. न्यूयॉर्कला टॉक शोवाले डेव्हिड लेटरमन यांचं थिएटर मुद्दाम गारठवलेलं असायचं, ते उगाच नव्हे. एलईडी लाइट घेतले तर लाइटच्या उष्णतेचा बोजा चौथाईवर येतो, मग एसी कमी वेगावर चालू ठेवता येतो.

आणखी एक. प्रेक्षकांवर पूर्ण अंधार करू नका. अंधारात बसलेला माणूस नुसता बघतो, हसत नाही. शिवाय रिअ‍ॅक्शन घ्यायला तोंडं दिसली पाहिजेत. चेहऱ्यावर निवेदकापेक्षा दीड ते दोन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), मागून हलकी किनार.

मागे एलईडी वॉल असेल तर निवेदक किमान अडीच-तीन मीटर पुढे. जवळ आला की वॉलचे ठिपके फोकसमध्ये येतात आणि पट्ट्या नाचतात. शटर १/५० ठेवा, वॉलचा प्रोसेसर कॅमेऱ्यांच्या जेनलॉकवर (सगळ्यांना एका तालात ठेवणारा सिग्नल) घ्या.

आगाऊ_लेखणी

पाच मिनिटांच्या मोनोलॉगला (सुरुवातीचे उभ्याचे विनोद) आठ ते दहा विनोद लागतात आणि त्यासाठी चाळीस-पन्नास लिहावे लागतात. क्रम: दोन नंबरचा भारी विनोद पहिला, एक नंबरचा शेवटी, सगळ्यात हलका मधोमध आणि त्यावर बँडचा ठेका.

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि हशाचा शब्द त्याच्याखाली गाडला जातो. 'पालिकेने सगळे खड्डे मोजले. आता फक्त रस्ता शोधायचा बाकी आहे.' लोक 'रस्ता'वर हसायला सुरुवात करतात आणि 'बाकी आहे' त्यात बुडतं, किंवा हसू रोखून वाट बघतात. 'पालिकेने सगळे खड्डे मोजले. आता शोधायचा उरलाय फक्त रस्ता.' इथे थांबा. एक अक्षरही पुढे नको.

आपल्याकडे भाग उशिरा दाखवतात, त्यामुळे आज सकाळच्या पेपरवर लिहिलेलं शिळं होतं. पाऊस, लोकल, खड्डे, हाउसिंग सोसायटीची मीटिंग, ही मुंबईची बारमाही पिकं. चॅनेलचा स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस विभाग स्क्रिप्ट आधी वाचतो. कापतील हे ठाऊक असलेला एक विनोद त्यात मुद्दाम ठेवतात. तो कापून त्यांचं समाधान झालं की बाकीचे सुटतात. (हे मी म्हटलं नाही.)

उलटी_अक्षरं

प्रॉम्प्टर. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली स्क्रिप्ट युनिकोडच्या सॉफ्टवेअरवर टाकली की अक्षरांची वाट लागते. कन्व्हर्टरमधून काढली तरी ऱ्हस्व इकार आणि रफार सरकतात, ते ओळ न् ओळ तपासा. एका ओळीत चार-पाच शब्द, ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा, नाहीतर वरचे उकार खालच्या मात्रांत घुसतात. आकडे अक्षरी लिहा: '१,२७,०००' वाचताना भलेभले गडबडतात.

काच ४५ अंशांत असते. ७०/३० ची काच असेल तर कॅमेऱ्यात ७० टक्केच प्रकाश जातो, म्हणजे अर्धा स्टॉप कमी. तेवढा आयरिस (लेन्सचा प्रकाश आत घेणारा पडदा) उघडला नाही तर त्या एकाच कॅमेऱ्यात निवेदक सावळा दिसतो आणि सगळे मेकअपवाल्यावर चढतात. काच सुक्या मायक्रोफायबरने पुसा, स्पिरिटने कोटिंग खराब होऊ शकतं.

निवेदकाच्या वेगाने चालवायचं, आपल्या नाही. हशा चालू असताना पुढची ओळ वर चढवू नका. ती दिसली की तो हशावरच बोलायला लागतो.

सहज_वाचक

एक बाळबोध प्रश्न. टीव्हीवर ऐकू येतो तो हशा खोटा असतो का?

कात्रीवाला

खरा असतो, पण नेहमी त्याच विनोदाचा असेल असं नाही. 😄

सगळे कॅमेरे पीसीआरमध्ये (प्रॉडक्शन कंट्रोल रूम) स्विच होतात, शिवाय प्रत्येकाचं वेगळं रेकॉर्डिंग एकाच टाइमकोडवर, म्हणजे एकाच घड्याळावर, असतं. ४८ मिनिटांवर आणताना मधली वाक्यं उडतात. कापलेल्या जागी हशाची शेपटी तुटते, तिथे वॉर्म-अपमध्ये घेतलेला त्याच खोलीतला, त्याच लोकांचा हशा जोडतो. बाहेरच्या लायब्ररीतला लावला की लगेच ओळखू येतो, कारण खोलीचा घुमारा जुळत नाही. मोजमाप असं: हशा शिखरावर असताना कट नको. तो एक-तृतीयांशावर उतरला की पुढचं वाक्य आणा. पूर्ण विझू दिला तर विनोद पडल्यासारखा वाटतो.

जागा बदलण्याचं: हिरव्या साडीतल्या बाई पाहुण्याच्या वेळी दुसऱ्या रांगेत आणि मोनोलॉगला पाचव्या. त्यांचा हसतानाचा छान शॉट आता इकडून तिकडे नेता येत नाही. प्रत्येक ब्रेकनंतर वाइड शॉटचा एक स्टिल काढून ठेवा, वाद मिटतो.

पेटीवाले_काका

थोडक्यात. ठेका पंचनंतर नाही, हशा उतरायला लागला की. आधी वाजवलात तर तुम्ही लोकांना गप्प करता. आणि 'सात सेकंदांपर्यंत गाणं फुकट वाजवता येतं' हा सगळ्या सेटवरचा लाडका गैरसमज आहे, असा कुठलाही नियम नाही. दोन ओळी वाजवल्या तरी क्यू शीटवर (वाजलेल्या संगीताची यादी) गाणं, संगीतकार, गीतकार आणि सेकंद लिहून द्या. नाहीतर एडिटमध्ये ते काढून तिथे काहीतरी गुळमुळीत संगीत चिकटवतात.

पाहुणचार

पाहुण्याशी दोन-तीन दिवस आधी अर्धा-पाऊण तास फोनवर बोलून पाच किस्से काढायचे. निवेदकाच्या कार्डावर प्रश्न नाही, किस्स्याचा शेवट लिहायचा, म्हणजे गाडी कुठे न्यायची ते त्याला कळतं. किस्सा निवेदकाला आधी सविस्तर ऐकवू नका, त्याचं हसू शिळं दिसतं. हायवेवर पाहुणा अडकला तर टेबलावरचा सेगमेंट आधी घ्या, पण मोनोलॉग कधीच शेवटी ढकलू नका. दमलेल्या प्रेक्षकांना उभ्याचे विनोद झेपत नाहीत.

सहज_वाचक

प्रेक्षक म्हणून यायचं तर?

तिसरी_रांग

पास फुकट असतो, कोणी पैसे मागितले तर समजून जा. पिशवी लहान आणा. मोबाइल टोकनवर जमा होतो, तो परत मिळायला अर्धा तास धरा; रांगेनुसार सोडतात, म्हणून टोकन नीट ठेवा. चित्रनगरीला यायला गोरेगाव पूर्वेहून बस किंवा रिक्षा, नाहीतर दिंडोशी मेट्रो स्थानकावरून रिक्षा. रिक्षावाल्याला नुसतं 'फिल्म सिटी' सांगू नका, गेटपासून स्टुडिओ बराच आत असतो. दुसऱ्या भागाला बसलात तर निघायला दहा-अकरा वाजतात आणि मेट्रोही त्याच सुमारास आटोपते. तो आतला रस्ता रात्री पायी चालू नका. राष्ट्रीय उद्यान लागून आहे, बिबटे फिरतात.