अनुभव धागा : विनामोबदला राबता, ते कुठून आलं?

स्वयंसेवक म्हणून नाव घालताना आपण विचारतो, वेळ किती देणार, काम कोणतं करणार. ते का करावंसं वाटतं, हे मात्र सहसा विचारत नाही. घरातल्या, समाजातल्या, गावच्या वळणाचा त्यात वाटा किती? मोकळेपणाने लिहा.

नागपूरहून :
दसऱ्याला दीक्षाभूमीजवळ आमचा भोजनदानाचा स्टॉल असतो. पहाटेच पुऱ्या लाटायला बसायचं, भाजीची पातेली टेम्पोत चढवायची आणि रांग संपेपर्यंत वाढायचं. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली, तेव्हा माझी आजी त्या गर्दीत होती. आजही बाया डोक्यावर गाठोडं घेऊन येतात, आणि परतताना त्या गाठोड्यात पुस्तकं असतात. मी शिकलो तो समाजाच्या जोरावर. ते देणं फेडतोय, उपकार करत नाही. म्हणून वाढताना फोटो काढलेला मला खपत नाही. ऑफिसच्या सेवादिनाला 'वंचितांना मदत' असा बॅनर लागला की तिकडे माझा पायच वळत नाही. ज्यांना तिथे वंचित म्हणतात, ते आमच्या पंगतीचे पाहुणे आहेत.

सासवडहून :
माउलींची पालखी मुक्कामाला आली की आम्ही वारकऱ्यांचे पाय चेपतो, फोडांना मलम लावतो. पुण्य मिळावं म्हणूनच करतो, त्यात लपवायचं काय? म्हातारी माणसं आधी पाय पुढे करत नाहीत, आणि चेपून झाले की उलट तीच आपल्या पाया पडतात.

जर्मनीहून :
इथल्या खेड्यात मी अग्निशमन दलात आहे, बिनपगारी. मोठी शहरं सोडली तर देशभर बहुतेक दलं अशीच चालतात. देवधर्माचं कुणी काढत नाही. गावची आग गावानेच विझवायची, एवढंच. दलातल्या एका सुताराला मी आपली इर्जिक सांगितली : आज सगळ्यांचे बैल माझ्या रानात, उद्या तुझ्या, जेवण घरधन्याचं. त्याला लगेच पटलं. वारीतली सेवा मात्र काही केल्या उमगेना. "अनोळखी माणसाचे पाय? कशासाठी?"

कोल्हापूरहून :
मला जरा वेगळं सांगायचंय. देवळात महाप्रसादाला राबायला सासरचे कधीही जा म्हणतात. वस्तीत मुलींचा अभ्यास घ्यायला निघाले, की "घरचं आवरलं का?" संस्कार कामाला बळ देतात हे खरं, पण कोणतं काम चालेल हेही तेच ठरवतात, बाईच्या बाबतीत तर फारच. मी वर्ग सोडलेला नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी असतो. दहावीचं गणित शिकवू शकेल असं कुणी कोल्हापुरात असेल, तर इथेच कळवा.