एअर रायफलचा चिरलेला दस्ता : सागाच्या ठोकळ्यातून हुबेहूब नक्कल कशी काढावी?

बार्देशकर (प्रश्न)
ब्रेक-बॅरल (नळी मोडून भरायची) स्प्रिंग एअर रायफल आहे, .१७७ कॅलिबरची. मूळ दस्ता मुठीपाशी आडवा चिरलाय. माप हाताला नेमकं बसतं, म्हणून तोच आकार हवा; फक्त गाल टेकतो ती कड ८ मि.मी. उंच हवी. सागाचा ठोकळा मिळालाय, ८५० × १७० × ६० मि.मी. फर्निचरचे पाय कोरणाऱ्या कॉपी मशीनवर काम होईल का? चिरलेलाच दस्ता नमुना म्हणून चालेल? आणि ऑगस्टमध्येच काम करून घ्यावं की थांबावं?

मेस्त_फोंडा
चालेल, पण आधी नमुना दुरुस्त करा. मशीनला चीर आणि आकार यातला फरक कळत नाही. जे आहे ते सगळं उतरतं.

चीर अरल्डाइटने (दोन भाग मिसळायचा इपॉक्सी गोंद) भरून क्लॅम्पमध्ये चोवीस तास ठेवा. वाढीव ८ मि.मी. आत्ताच नमुन्यावर ऑटो पुट्टीने चढवा, घासा, गाल लावून बघा. नक्षीच्या चौकटी असतील तर त्याही पुट्टीने बुजवा, नाहीतर स्टायलसचं, म्हणजे मशीनच्या नमुन्यावरून फिरणाऱ्या काट्याचं, टोक त्यात अडखळतं आणि नव्या लाकडावर ओरखडे उमटतात. मागचं रबर पॅड काढून त्याच जाडीचा लाकडी तुकडा बसवा. रबर दाबलं जातं आणि तिथे नक्कल बारीक होते. पुढच्या पाकळ्या, म्हणजे खाचेच्या दोन्ही बाजूंच्या पातळ भिंती, त्याही दाबाने आत झुकतात, त्यामुळे नळीच्या जागी तेवढ्याच व्यासाचा पाइप स्क्रूने आवळून टाका.

स्टायलस आणि कटर एकाच आकाराचे हवेत, पण पहिल्या फेरीला स्टायलस २ मि.मी. मोठा लावा. कटर १२ मि.मी.चा तर स्टायलस १४ चा. बाहेर सगळीकडे १ मि.मी. लाकूड शिल्लक राहतं, आणि रायफल बसते ती आतली खाचही प्रत्येक बाजूला तेवढीच अरुंद निघते. दोन्हीकडे हवं तेच मिळतं. ट्रिगरची अरुंद फट मशीनवर करूच नका. गोल कटर कोपऱ्यात त्रिज्येएवढी गोलाई सोडतो, ती पटाशीनेच काढावी लागते.

रेषा_डिचोली
ठोकळ्यावर दस्त्याचा कागदी साचा ठेवून आधी मुठीतून जाणारे लाकडाचे रेषे (तंतू) बघा. बाकी कुठे रेषे वळले तरी निभावतं, मुठीत ते लांबीला समांतरच हवेत. तुमचा जुना तिथेच आडवा चिरलाय, म्हणजे बहुधा रेषे तिरके होते. ६० मि.मी. जाडी पुरेल, गालाचा उंचवटा एका बाजूला जास्त असेल तर मात्र मोजून घ्या.

साग स्थिर आहे पण हत्यार लवकर बोथट करतो, त्यात सिलिका असते. कार्बाइड कटरच वापरायला सांगा. शिसव जड आणि सुंदर, स्प्रिंगच्या झटक्यालाही बरी, पण तिची धूळ अनेकांना सोसत नाही. मास्कशिवाय घासू नका.

बार्देशकर
आभार. आणि पावसाचं काय?

मेस्त_फोंडा
ऑगस्टमध्ये अंतिम माप काढू नका. गोव्यात पावसाळ्यात उघड्या लाकडातला ओलावा १६ टक्क्यांच्या वर जातो, जानेवारीत १२ च्या आसपास उतरतो. आत्ता नेमकी बसलेली खाच तेव्हा तशी राहणार नाही. आत्ता फक्त बाहेरचा आकार १० मि.मी. जादा ठेवून कापून घ्या, दोन्ही टोकांना जिथे रेषे आडवे कापले गेलेत त्या बाजूंवर मेण किंवा ऑइल पेंट लावा आणि सावलीत, हवेशीर जागी, भिंतीपासून दूर ठेवा. दर आठवड्याला वजन करा. पावसानंतर लागोपाठ तीन आठवडे वजन बदललं नाही की मशीनवर चढवा.

खाचखळगे
खाच बसवताना नळीला लिपस्टिकचा पातळ हात द्या, दस्त्यात ठेवून हलकं दाबा, डाग पडेल तेवढंच खरवडा. घाई केली की एकाच उंचवट्यावर सगळा झटका येतो आणि पाकळी फुटते. स्क्रूच्या भोकात ॲल्युमिनियमच्या नळ्या अरल्डाइटने बसवा. साग तेलकट, म्हणून आधी ॲसिटोनने पुसा. स्क्रूवर काढता येणारा निळा थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव) लावा, कारण स्प्रिंग रायफल पुढे-मागे दोन्हीकडे झटकते आणि स्क्रू ढिले पडतात.

घासताना १२०, १८०, २४० नंबरचा सँडपेपर क्रमाने. मग ओल्या फडक्याने पुसून उभे राहिलेले रेषे वाळल्यावर ३२० ने काढा. आपल्या हवेत कच्च्या जवस तेलावर बुरशी धरते. पातळ केलेल्या पॉलियुरेथेनचे दोन हात खाचेच्या आत आणि पॅडखालच्या टोकालाही द्या. ओल तिथूनच शिरते.

परवान्याची बंदूक असेल तर मेस्ताकडे (सुताराकडे) फक्त सुटा दस्ता न्यायचा. शस्त्र कायदा, १९५९ नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो, तेव्हा बसवण्याचं काम परवानाधारक गनस्मिथकडेच करून घ्या.