मदत हवी आहे: भाऊ अग्निवीरमध्ये लागला, बीएस्सी सोडू द्यायची का?

निळाई (मानेवाडा, नागपूर)
लवकर उत्तर पाहिजे. लहान भावाचं अग्निवीरच्या (सैन्यातली चार वर्षांची भरती) अंतिम यादीत नाव आलं. कागदपत्रांसाठी पुढच्या आठवड्यात बोलावलं आहे. बाबा म्हणतात जाऊ दे. मी म्हणते डिग्री आधी. चार वर्षांनी घरी आला आणि हातात ना डिग्री ना नोकरी, तर त्याचं काय? कोणी घरचा मुलगा पाठवला असेल तर सरळ सांगा, पाठवायचं की नाही. देशभक्तीवर भाषण नको.

कामठीकर
आधी अभिनंदन. मी गार्ड्समधून (सेनेची पायदळ रेजिमेंट) निवृत्त झालो, कामठीलाच रिक्रूट होतो. ताई, तुम्ही अर्धंच सांगितलं. सेना, नौदल की वायुसेना? जीडी (जनरल ड्यूटी) की टेक्निकल? वय किती? बीएस्सीचं कोणतं वर्ष? हे कळल्याशिवाय कोणी काही सांगितलं तरी तो अंदाजच.

मास्तर_उमरेड
पाठवू नका. हिशेब पाहा. २०२२ मध्ये योजना आली तेव्हा पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरले, त्यातले ३०% सेवानिधीत (शेवटी एकरकमी मिळणारा निधी) जातात, हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,००० पैकी हातात २८,०००. शेवटी सरकारचा वाटा आणि व्याज धरून सुमारे ११.७१ लाख, आयकर नाही. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. पुढे कायम होणार जास्तीत जास्त २५%. म्हणजे चारातले तीन घरी. वर्गातली पोरं मला हेच विचारतात आणि मी प्रत्येकाला सांगतो, आधी पदवी घे, मग वर्दी घाल. पदवीधराला सीडीएस (सैन्यात अधिकारी व्हायची परीक्षा) देता येते, अधिकारी होता येतं.

कामठीकर
मास्तर, सीडीएस किती जण काढतात? खेड्यातला पोरगा पदवी घेऊन तीन वर्षं एमपीएससीच्या लायब्ररीत बसतो, तेव्हा त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. चार वर्षांत पोरगा शिस्त शिकतो, घरी पैसे पाठवतो आणि निमलष्करी दलांत आरक्षण, वयात सूट मिळते. तिथे शारीरिक चाचणीही माफ आहे.

सह्याद्री (पुणे)
माझं मत थोडं वेगळं. खरं तर प्रत्येक मुलाला-मुलीला बारावीनंतर एक वर्ष सक्तीची राष्ट्रसेवा हवी. सिंगापूरमध्ये दोन वर्षं आहे, दक्षिण कोरियात भूदलात दीड वर्ष. मग कोणाच्या घरी असा पेच पडणारच नाही, सगळेच जातील. सैन्यच पाहिजे असं नाही, दवाखाना, गावची शाळा, पूरग्रस्त भाग, काहीही चालेल.

मास्तर_उमरेड
सक्ती आपण करून पाहिली आहे. चीन युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची केली आणि १९६८ मध्ये परत ऐच्छिक करावी लागली. पुढच्याच वर्षी एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) आली, तीही ऐच्छिक. सक्तीत पोरगा हजेरीपुरता येतो. माझ्या शाळेच्या शेतात एनएसएसची सात दिवसांची शिबिरं होतात. मनाने आलेली पोरं बंधारा बांधून जातात, गुणांसाठी आलेली सावली शोधतात. जर्मनीनेही २०११ मध्ये सक्ती स्थगित केली होती.

सह्याद्री (पुणे)
पण घटनेत बाधा नाही. कलम २३ मध्येच सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावण्याची मुभा सरकारला आहे, फक्त धर्म, वंश, जात, वर्ग पाहून भेदभाव करायचा नाही. आणि श्रीमंतांची पोरंही जातील, हा फायदा तुम्ही धरतच नाही. आज चार वर्षांचा करार कोण करतो? ज्याच्या घरी फी भरायला पैसे नाहीत तो.

मास्तर_उमरेड
हे शेवटचं वाक्य मला मान्य आहे. म्हणूनच म्हणतो, त्या घरातल्या पोराला आधी फुकट शिक्षण द्या. एक वर्ष त्याची कमाई थांबवून तुम्ही त्याच घरावर बोजा टाकता.

धावपटू_नागपूर
भरतीच्या १६०० मीटर धावेसाठी पहाटे मानकापूरच्या मैदानावर या, सिमेंटच्या रस्त्यावर पळू नका, नडगी दुखते. आठवड्यातून दोनदा चढावर पळा. पुल-अप्स रोज.

निळाई
धावपटू भाऊ, त्याची धाव झाली, निवड झाली! बाकीच्यांनीही कृपा करून सिंगापूर सोडा. माहिती देते. सेना, जीडी. बीएस्सी दुसरं वर्ष, चौथं सेमिस्टर चालू आहे, परीक्षा व्हायची आहे. एनसीसीतही आहे. वय वीस पूर्ण, जानेवारीत एकवीस होते.

कामठीकर
हे आधी सांगायला पाहिजे होतं, ताई. योजना आली तेव्हाची मूळ अट साडेसतरा ते एकवीस. पुढची जाहिरात निघेल तेव्हा कोणत्या तारखांच्या आत जन्म पाहिजे ते बघावं लागेल, पण तुमच्या भावाला ही शेवटचीच संधी धरून चला. अठराचा असता तर मी स्वतः म्हटलं असतं, थांब. आणि एक गोष्ट मनात पक्की ठेवा, मधूनच नोकरी सोडून येता येत नाही. स्वतःच्या विनंतीवर सुटका फक्त अगदी अपवादात, वरिष्ठांच्या मंजुरीने.

बुटीबोरी_एक्सप्रेस
एनसीसी आहे ना? मग बीएस्सी पूर्ण करून तिसऱ्या वर्षी 'सी' प्रमाणपत्र काढू द्या. किमान 'बी' श्रेणी आणि पदवीत ५०% असले तर एनसीसी स्पेशल एन्ट्रीतून सीडीएस न देता थेट एसएसबीला (अधिकारी निवडीची मुलाखत) बोलावणं येऊ शकतं, वय १९ ते २५. माझा आतेभाऊ ह्याच वाटेने लेफ्टनंट झाला. जवान कशाला व्हायचं मग?

कामठीकर
जवान कशाला, असं विचारू नका. एसएसबीत पाच दिवस बसून परत आलेल्या मुलांची रांग फार मोठी आहे.

प्राध्यापिका_सदर
मी कॉलेजात परीक्षेचं काम पाहते. सगळे सोडा किंवा धरा म्हणत आहेत, मधला रस्ता कोणी सांगितला नाही. तो नवीन शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात असेल तर क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक) ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा होतात आणि ते सात वर्षांपर्यंत चालतात. चार वर्षांनी आला तर तिसऱ्या वर्षापासून सुरू करता येईल, विद्यापीठाच्या त्या वेळच्या नियमांप्रमाणे. दोन वर्षांवर बाहेर पडल्यास पदविकेचीही सोय आहे, पण त्यासाठी ४ क्रेडिटचा जादा कौशल्य अभ्यासक्रम लागतो. म्हणून मुद्दा एकच, चौथ्या सेमिस्टरची परीक्षा जायच्या आधी होते का? ती बुडाली तर सगळं अर्धवट राहील. शिवाय इग्नूने (मुक्त विद्यापीठ) अग्निवीरांसाठी वेगळी पदवी ठेवली आहे, तिचे निम्मे क्रेडिट नोकरीतल्या प्रशिक्षणाचे धरतात. ती केली तर पदवी मिळते, पण ती नेहमीची बीएस्सी नसते, पुढे एमएस्सी डोक्यात असेल तर आधी चौकशी करा.

आणि मुलगा स्वतः काय म्हणतो? इतक्या उत्तरांत ते कुठेच आलं नाही.

निळाई
तो जातो म्हणतो. अकरावीपासून भरतीसाठी पळून राहिला. बीएस्सीला नाव फक्त भरती होईपर्यंत लावलं होतं, हे त्याने काल पहिल्यांदा तोंडाने सांगितलं. मी फी भरते, म्हणून मला बोलला नसावा. बाबांचं पैशाचं मी पाहीन, त्याच्या पगारावर घर चालवायचं नाही हे मी आजच त्यांना सांगितलं. एमएस्सीचा त्याचा विचार नाही. पण क्रेडिट बुडू द्यायचे नाहीत.

मास्तर_उमरेड
तो मनापासून म्हणतो तर माझा विरोध नाही. परीक्षा मात्र देऊनच जाऊ द्या. आणि ११ लाख हातात येतील तेव्हा घर बांधायला काढू नका, त्याच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवा. सेनेची पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला गेली, तिची चार वर्षं भरून पोरं घरी येतील तेव्हा त्यांना भेटून विचारा, पुढे कुठे लागले.

सोनेगावकर
ह्यातच विचारतो, मुलींना अग्निवीरमध्ये सेनेत कोणती पदं आहेत?

कामठीकर
मिलिटरी पोलीस. बाकीसाठी वेगळा धागा काढा.

निळाई ताई, कागदपत्रांच्या दिवशी दाखल व्हायची तारीख तिथेच विचारून घ्या आणि परीक्षेचं वेळापत्रक सोबत न्या. मूळ गुणपत्रिका जमा करून घेऊ शकतात, म्हणून आधी प्रत्येकीच्या साक्षांकित प्रती काढून घरी ठेवा. कॉलेजातून टीसी घाईने काढू नका.

प्राध्यापिका_सदर
आणि त्याचा क्रेडिट बँकेचा आयडी तयार आहे का, नाव आधारप्रमाणेच आहे का, हे उद्याच कॉलेजात तपासा. नावात एका अक्षराचा फरक असला तरी क्रेडिट अडकतात.

निळाई
उद्या सुट्टी टाकून त्याला घेऊनच कॉलेजात जाते. आधारवर त्याचं आडनाव वेगळं लिहिलेलं आहे, ते आधी दुरुस्त करावं लागेल. मानेवाड्याजवळ आधार केंद्र कुठे चालू आहे, कोणाला माहीत आहे का?