प्रतिसाद: फिडोनेटची भर

वेबपूर्व काळातली संदेशजाळी (संगणकांमध्ये संदेश पोचवणारी जाळी) विद्यापीठे आणि सरकारी प्रयोगशाळांपुरतीच होती, असे ज्या लेखनाला हा प्रतिसाद आहे त्यात म्हटले आहे. त्यात फिडोनेटचा अपवाद नोंदवणे आवश्यक वाटते. टॉम जेनिंग्ज यांनी १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उभारलेले हे जाळे घरगुती संगणक, मोडेम (संगणकाला टेलिफोनवरून दुसऱ्या संगणकाशी जोडणारे यंत्र) आणि साध्या टेलिफोन लाइनवर चालत असे, आणि त्याचा खर्च बहुतांशी हौशी चालक स्वतःच्या खिशातून करत. अमेरिकेत दूरच्या कॉलचे दर रात्री कमी असल्याने दिवसभर साचलेले संदेश रात्रीच्या ठरावीक तासात पुढच्या संगणकाला फोन लावून एकगठ्ठा पाठवले जात. १९८५ नंतर तर एका शहराची डाक आधी एकाच केंद्रावर गोळा होई, म्हणजे लांबचा कॉल एकदाच करावा लागे. (काटकसरीतून आलेली ही रचना मला तांत्रिकदृष्ट्याही देखणी वाटते.) मात्र जाळ्यातल्या संगणकांच्या फोन-यादीतला एखादा क्रमांक चुकला, तर मोडेम मध्यरात्री भलत्याच घरी पुन्हापुन्हा फोन करत राही, आणि तिथल्या माणसाची झोपमोड होई. जेफ रश यांच्या ‘एकोमेल’ या फिडोनेटवरच्या चर्चा-सोयीमुळे सार्वजनिक चर्चाही अशाच गावोगाव फिरू लागल्या; प्रत्येक संदेशाच्या वाटेतले टप्पे वेगवेगळे असल्याने कधी मूळ प्रश्नाआधी त्याचे उत्तरच येऊन थडके.